मंदीतली वकिली फर्म आणि अडकलेले १३५ दिवस

अर्थव्यवस्था डळमळली की स्वतंत्र वकिली फर्मचे भागीदार आधी विचारतात, काम येत राहील का? प्रश्न रास्त आहे. पण बऱ्याच फर्म हाताशी भरपूर काम असतानाच अडचणीत येतात. झालेल्या कामाचे पैसे खात्यात यायला लागणारे दिवस वाढत जातात आणि पगाराची तारीख जिथल्या तिथे राहते. मोठ्या फर्मला बँक सांभाळून घेते. छोट्या फर्ममध्ये हा खड्डा भागीदारांच्या खिशातून भरला जातो.

हिशोब सोपा करून मांडतो. फर्मची वर्षाची बिलं ३६५ धरा, म्हणजे रोजचं काम १. काम झाल्यापासून बिल निघेपर्यंत सरासरी ६० दिवस जातात, बिल गेल्यापासून पैसे येईपर्यंत आणखी ७५. एकूण १३५ दिवस, म्हणजे १३५ एवढी रक्कम कायम बाहेर अडकलेली. नफा ३० टक्के असेल तर वर्षाचा नफा साधारण ११० होतो. म्हणजे वर्षभराच्या नफ्याहून जास्त पैसा अशिलांकडे बिनव्याजी पडून आहे. आता मंदीत प्रत्येक अशील ३० दिवस उशिरा पैसे देऊ लागला, तर आणखी ३० अडकतात. वर्षाचा खर्च २५५ आहे, तेव्हा हा सहा आठवड्यांचा खर्च झाला. एकही अशील गेलेला नाही, एकही बिल बुडालेलं नाही, तरी सहा आठवड्यांचे पगार आणि भाडं कुठून तरी उभं करायचं आहे. काम वाढलं तर हा खड्डा आणखी मोठा होतो, कारण वाढीव कामालाही आधी स्वतःचाच पैसा घालावा लागतो.

या १३५ दिवसांपैकी ७५ दिवसांवर आपला ताबा अर्धामुर्धा असतो. ६० दिवसांवर मात्र पूर्ण असतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त ढिलाई दिसते. टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागला याची नोंद, महिनाअखेरीस आठवून भरली जाते, त्यामुळे छोटे फोन आणि ईमेल निसटतात. बिल ‘फाइल संपल्यावर एकदमच काढू’ म्हणून राहतं. मग आठ महिन्यांचं बिल एका दिवशी अशिलापुढे जातं आणि तो सवलत मागतो. गळती अशी साठत जाते: १०० तास काम झालं, त्यातले ९० नोंदले गेले, नोंदलेल्यापैकी ९२ टक्के बिलात आले, बिलापैकी ९० टक्के वसूल झाले. हातात आले ७५ तासांचे पैसे. दर वाढवण्याआधी ही गळती बुजवा, कारण इथे अशिलाशी भांडावंही लागत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. टाइमशीट त्याच दिवशी भरायची. महिन्याच्या १ तारखेला बिलांचे मसुदे भागीदाराच्या टेबलावर, ५ तारखेला बिलं बाहेर. एवढ्याने ६० दिवसांचे साधारण २० होतात आणि ४० एवढी रक्कम मोकळी होते. हा फायदा एकदाच मिळतो, पण मंदीच्या तोंडावर तो एकदाच हवा असतो. बिलात ‘प्रकरणासंबंधी काम’ असं लिहू नका. कोणता मसुदा, कोणती बैठक, कोणाशी झालेली वाटाघाट ते लिहा. मोघम बिल अशिलाच्या लेखा विभागात अडकतं आणि कोणी तक्रार न करता तसंच पडून राहतं. बिल गेल्यावर सातव्या दिवशी फोन करायचा, तो पैशांसाठी नव्हे. बिल योग्य माणसाकडे पोचलं का आणि त्यावर काही शंका आहे का, एवढंच विचारायचं. मुदत उलटल्यावरचा फोन मात्र काम करणाऱ्या भागीदाराने करू नये. संबंध बिघडेल या संकोचाने तो पुढे ढकलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. वसुली एका ठरलेल्या माणसाकडे असू द्या.

याच्या जोडीला १३ आठवड्यांचा रोख तक्ता ठेवा. दर सोमवारी एक जुना आठवडा काढायचा, एक नवा जोडायचा. येणारी रक्कम बिलागणिक लिहायची, आणि तारीख त्या अशिलाच्या सवयीप्रमाणे धरायची, बिलावरच्या मुदतीप्रमाणे नाही. जाणाऱ्या बाजूला पगार, भाडं, कर, व्यावसायिक विम्याचा हप्ता, सॉफ्टवेअर आणि भागीदारांची उचल, म्हणजे नफ्यापोटी ते आधीच काढून घेतात ती रक्कम. उचलीवर मी ठाम आहे: अंदाजित नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंतच दरमहा उचल द्यावी आणि उरलेलं तिमाही संपल्यावर प्रत्यक्ष जमलेल्या रोखीतून. न्यूयॉर्कची ड्यूई अँड लेबफ २००७ च्या विलीनीकरणातून उभी राहिली, हजाराहून अधिक वकील तिच्यात होते, आणि मे २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक भागीदारांना ठरावीक मोबदल्याची हमी दिलेली होती. अशी हमी नावाला नफ्याची वाटणी असते, वागते मात्र कर्जासारखी.

अशिलांचे पैसे ज्यात वेगळे सांभाळले जातात त्या अमानत खात्याला कितीही तंगी आली तरी हात लावायचा नाही, ‘दोन दिवसांसाठी’ सुद्धा नाही. बँकेचं विवरण, रोखवही आणि प्रत्येक अशिलाचं खातं, या तिन्हींचा मेळ दर महिन्याला घाला. इंग्लंडमधली अ‍ॅक्सिऑम इन्स ही फर्म ऑक्टोबर २०२३ मध्ये नियामकाने बंद पाडली, तेव्हा अशिलांच्या पैशांत ६ कोटी पौंडांहून जास्त तूट होती.

आता कामाकडे वळू. मंदीत कंपनी खरेदी-विक्री आणि मालमत्तेचे व्यवहार थंडावतात. वसुलीचे दावे, नोकरकपातीचे वाद, कर्जाची फेररचना आणि दिवाळखोरीची प्रकरणं वाढतात. पाटी बदलून दिवाळखोरीचे वकील होता येत नाही, त्याला वेगळा अनुभव लागतो. पण तुमच्या करारतज्ज्ञाला जुन्या अशिलांचे पुरवठा करार तपासता येतात: समोरचा पैसे देऊ शकला नाही तर काय, करार मोडायचा कसा, माल परत मिळतो का. हे काम लगेच हाताशी आहे आणि अशिलाला ते मनापासून हवं असतं. एकाच अशिलाकडून एकूण फीच्या २० टक्क्यांहून जास्त येत असेल, तर त्याची आर्थिक तब्येत सावकारासारखी बघा.

डबघाईला आलेल्या अशिलाचं काम घेताना आगाऊ रक्कम अमानत खात्यात घ्या आणि ती भरती राहील अशी अट ठेवा: सुरुवातीला १०, ५ च्या खाली गेली की पुन्हा १०. यामागे कायदेशीर कारणही आहे. अमेरिकेच्या कायद्यात दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या ९० दिवसांत जुन्या थकबाकीपोटी मिळालेली फी परत मागितली जाऊ शकते. इतर देशांतही अशा तरतुदी आहेत, मुदती वेगळ्या.

स्वतंत्र फर्मची खरी ताकद अशा काळात दोन ठिकाणी दिसते. पहिली म्हणजे कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन अशिलांच्या हितसंबंधांची टक्कर. मोठ्या फर्मकडे बहुतेक बँका अशील असतात, त्यामुळे बँकेविरुद्ध उभं राहायची वेळ आली की त्यांना प्रकरण सोडावं लागतं. ते काम तुमच्याकडे येऊ शकतं, पण आपोआप येत नाही. मोठ्या फर्मच्या भागीदारांना माहीत हवं की तुम्ही कोणत्या प्रकारचं काम घेता, हितसंबंध तपासून त्याच दिवशी हो-नाही कळवता आणि त्या प्रकरणापलीकडे त्यांच्या अशिलाकडे जात नाही. हे शेवटचं लेखी द्या. परदेशातल्या कामासाठी लेक्स मुंडीसारखी स्वतंत्र फर्मची जाळी १९८९ पासून आहेत. तिथेही किंमत पहिल्या दिवसाच्या उत्तरालाच मिळते.

दुसरी ताकद ठरावीक फीची. अनिश्चित काळात अशिलाला स्वस्त फीपेक्षा आकडा आधी कळणं महत्त्वाचं वाटतं, आणि तो आकडा तुम्हाला कोणत्याही समितीविना ठरवता येतो. एकाच प्रकारच्या मागच्या १० फाइली काढा. समजा तास असे निघाले: १४, १५, १६, १७, १८, १८, २०, २२, ३१, ५९. सरासरी २३ येते, पण मधली फाइल १८ तासांची आहे. २३ वर फी लावली तर महाग पडता, १८ वर लावली तर एक ५९ चं प्रकरण वर्षाचा नफा खातं. म्हणून ३१ आणि ५९ उघडून वाचा. बहुतेकदा कारण एकच निघतं: कागदपत्रं अर्धवट होती किंवा समोरच्या पक्षाने मसुदा पुन्हा पुन्हा फिरवला. मग फी १८ च्या आसपास लावा आणि एंगेजमेंट लेटरमध्ये, म्हणजे काम घेताना अशिलाला दिलेल्या अटींच्या पत्रात, लिहा: एक मसुदा, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, दोन तासांची एक बैठक, पुढच्या प्रत्येक फेरीला इतकी वेगळी रक्कम. तिसरी फेरी सुरू होण्याआधी तसं ईमेलने कळवा. नंतर कळवलेलं वाढीव बिल वादातच जातं.

एआयचा फायदाही ठरावीक फीमध्येच तुमच्याकडे राहतो, तासावर बिल असेल तर वाचलेले तास अशिलाचे. मात्र एआयने दिलेला प्रत्येक निवाडा मूळ स्रोतात उघडून वाचला पाहिजे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने एआयने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला.

मोठ्या फर्म माणसं कमी करतात तेव्हा एरवी न मिळणारे अनुभवी वकील मिळतात. भागीदार म्हणून कोणी येत असेल तर त्याच्याकडून मागच्या तीन वर्षांची वसूल झालेली फी मागा, बिलांची बेरीज नको. त्यातले किती अशील खरंच त्याच्यासोबत येतील हे नावांनिशी विचारा. आणि त्याचा पगार तक्त्यात घालताना त्याच्या कामातून येणारी रक्कम पहिल्या महिन्यापासून धरू नका. तो रुजू होईल त्या दिवसापासून १३५ दिवस मोजा आणि त्याची पहिली वसुली तिथे लिहा.