लेकीच्या घरातला प्रवेश

आज नाशिकला, शिरवाडकरांच्या गावात, बाबांबरोबर ‘नटसम्राट’ पाहिलं. १९७० साली रंगभूमीवर आलेलं नाटक. बाबांनी डॉ. श्रीराम लागूंचे आप्पासाहेब बघितलेले, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तुलनेत गेली. मग तेही गप्प झाले.

स्वगतांना टाळ्या पडतातच. मला मात्र नलिनीच्या घरातला प्रवेश जिव्हारी लागला. मुलाकडे मन दुखावल्यावर आप्पा आणि कावेरी हक्काने लेकीकडे येतात आणि तिथे त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. नलिनीला सरळ वाईट ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. तिचं वडिलांवर प्रेम आहे, म्हणून तर ते बघवत नाही! आप्पाही सोपे नाहीत. हट्टी आहेत, घरभर आवाज करणारे आहेत. पण होतं नव्हतं ते मुलांना देऊन टाकलं की त्याच घरात माणूस पाहुणा होतो.

येताना रिक्षात बाबा म्हणाले, “कावेरीला सगळं आधीच कळलेलं असतं गं.” खरंच, तिच्याकडे आपण फार कमी बघतो.

आमचं घर माझ्या नावावर करायचं बाबांच्या मनात आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुम्ही आहात तोवर ते तुमच्याच नावावर राहील.