२५ ग्रॅम लोकरीचा हेअरबँड

स्वेटर झाला, टोपी झाली की पिशवीच्या तळाशी अर्धेमुर्धे गुंडे उरतात. टाकवत नाहीत आणि मोठ्या कामाला पुरतही नाहीत. अशा लोकरीसाठी क्रोशाच्या साध्या हेअरबँडइतकं चांगलं काम दुसरं नाही. ६.५ सेंमी रुंद पट्ट्याला साधारण २५ ग्रॅम लोकर लागते, कान पूर्ण झाकणाऱ्या ९-१० सेंमी रुंद पट्ट्याला ३५ ते ४० ग्रॅम. पण तो डोक्यावर नीट बसेल की नाही, हे नक्षीपेक्षा पट्टा कोणत्या दिशेने विणला यावर ठरतं.

बरेच जण डोक्याच्या घेराएवढी लांबलचक साखळी घालतात आणि तिच्यावर चार-सहा ओळी विणून थांबतात. हे सोपं वाटतं, लोकर संपेल तिथे थांबताही येतं. पण सुरुवातीची साखळी फारशी ताणली जात नाही. त्यामुळे एक कड कपाळावर रुतते आणि दुसरी सैल राहते. त्याऐवजी पट्टा आडवा विणा: रुंदीपुरती छोटी साखळी घाला आणि ओळीवर ओळ चढवत लांबी वाढवा. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यात घेतला की ओळींच्या मधे उभार तयार होतात आणि पट्टा हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटतो-उघडतो. इलास्टिक लागतच नाही.

विणायच्या आधी लोकर ओळखून घ्या. वेष्टन हरवलेलं असतंच, म्हणून जाडी अशी बघा: फूटपट्टीवर लोकर न ओढता, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा आणि १ इंचात किती वेढे बसतात ते मोजा. ११ ते १४ बसले तर ४ मिमीची क्रोशाची सुई घ्या. ९-१० च बसले तर ५ मिमी. १८-२० बसत असतील तर लोकर बारीक आहे, दोन पदर एकत्र धरून विणा. एकाच पट्ट्यात जाड आणि बारीक लोकर मिसळू नका, बारीक लोकरीच्या जागी पट्टा कंबर बांधल्यासारखा आवळतो.

लोकर खरी की ॲक्रिलिक, हे हाताला नेहमी कळत नाही. ३-४ सेंमीचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि मागे काळा, टणक मणी उरतो. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, राख मऊ आणि करडी. याचा उपयोग धुताना होतो: खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते, ॲक्रिलिक आटत नाही. एकाच पट्ट्यात दोन्ही असतील तर पहिल्याच धुण्यात तो वेडावाकडा होऊ शकतो. लाल, मरून, गडद निळ्या लोकरीचा रंगही आधीच तपासा. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबा. डाग उमटला तर ती लोकर पांढरीशेजारी घेऊ नका.

जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर चालते, पण नागमोडी असताना विणू नका. तिच्या लाटांमुळे टाके फुगतात, माप चुकतं आणि धुतल्यावर पट्टा लांबतो. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून हलकी पिळा आणि सावलीत टांगा.

आता माप. भुवयांच्या थोडं वर, कानांवरून आणि मागे मानेच्या वर अशी टेप फिरवा. मोठ्या माणसाचा घेर बहुधा ५४ ते ५७ सेंमी भरतो. ॲक्रिलिक किंवा खऱ्या लोकरीसाठी त्यातून ५ सेंमी वजा करा. सुती दोऱ्यासाठी ७-८ सेंमी, कारण सूत एकदा ताणलं की पुरतं मागे येत नाही. रुंदी वापरावर ठरवा. केस मागे धरायला ६ सेंमी पुरतात, थंडीत कान झाकायला ९ तरी हवेत. दुचाकीवर हा पट्टा हेल्मेटच्या आत घालू नका. जाड विणीमुळे हेल्मेट डोक्यावर जसं घट्ट बसायला हवं तसं बसत नाही.

६.५ सेंमीच्या पट्ट्यासाठी १२ साखळ्या घाला. साखळी घट्ट पडण्याची सवय असेल तर फक्त साखळीपुरती अर्धा मिमी मोठी सुई घ्या. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब विणा: सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या, सुई साखळीत घाला, दोरा ओढून वर आणा. सुईवर तीन फास झाले. पुन्हा वेढा घेऊन तो तिन्हींतून एकदम ओढा. ओळीत असे १० अर्धे खांब होतात. मग १ साखळी, काम वळवा, आणि पुन्हा १० अर्धे खांब, यावेळी मागच्या दोऱ्यात. वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही.

मागचा दोरा नक्की कोणता, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अर्ध्या खांबाच्या माथ्यावर वेणीसारखे दोन दोरे असतात, पण काम वळवलं की त्यांच्या खाली, आपल्याकडच्या बाजूला, एक तिसरा आडवा दोराही दिसतो. तो धरून मोजलं की वेणीतला पुढचाच दोरा मागचा वाटतो. काम थोडं पुढे झुकवून वरून बघा आणि तिन्हींपैकी आपल्यापासून सगळ्यात लांबचा दोरा उचला. मधला उचलला तर उभार उलट बाजूला जातो आणि त्या ओळीपुरती पट्टी सपाट दिसते. ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका मात्र दोन्ही दोऱ्यांतून घ्या, त्याने कड लोंबत नाही.

टाके ९ झाले तर शेवटचा सुटला आहे. तो घट्ट असतो आणि वळणाच्या साखळीमागे लपतो. ११ झाले तर त्या साखळीतच टाका घातला गेला आहे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा किंवा सेफ्टी पिन अडकवली, की परत येताना शेवटचा टाका कुठे घ्यायचा ते समोर दिसतं. पहिल्या १० ओळी तरी प्रत्येक वेळी मोजा.

२० ओळी झाल्या की थांबा. पट्टा न ओढता मोजा आणि गुंड्याचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा. सुरुवातीचं वजन आधीच लिहून ठेवलेलं हवं. समजा २० ओळी १७ सेंमी भरल्या आणि ८ ग्रॅम लोकर गेली. ५१ सेंमी हवे असतील तर ६० ओळी, म्हणजे २४ ग्रॅम, आणि जोडाला व टोकांना आणखी २ ग्रॅम. १० ओळींवरच हा हिशेब करू नका. काटा एक-एक ग्रॅमच दाखवतो, इतक्या कमी वजनात अंदाज फार चुकतो. लोकर कमी पडणार असं दिसलं तर दुसरा रंग आत्ताच ठरवा. शेवटी अचानक आलेला रंग ठिगळासारखा दिसतो, ठरावीक अंतराने आलेला पट्टा म्हणून शोभतो.

रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा अर्धा खांब अपुरा ठेवा. सुईवर तीन फास असताना नवा रंग घेऊन तो तिन्हींतून ओढा. दर सम ओळींनी बदललं तर सगळी टोकं एकाच कडेला येतात. जुना दोरा न कापता कडेने वर न्यायचा मोह होतो, पण पट्टा ज्या दिशेने ताणायचा त्याच दिशेने तो दोरा धावतो. जरा घट्ट झाला की ती कड ताणतच नाही. म्हणून मी कापण्याच्याच बाजूची आहे: १५ सेंमी टोक सोडा आणि जाड, बोथट सुईने ते ओळीच्या बाजूने, म्हणजे रुंदीत, लपवा. एकदा इकडून, एकदा तिकडून, पुन्हा इकडून. कडेने लांबीत लपवलेलं टोक दोन-तीनदा घातल्यावर बाहेर येतं. गाठीवर भरवसा ठेवू नका, ॲक्रिलिकची गाठ सरकते आणि कपाळाला टोचते.

ओळींची संख्या सम ठेवा, म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंना उभार सलग राहतात. जोडायच्या आधी पट्टा टेबलावर पसरून पीळ पडलेला नाही ना ते बघा. दोन्ही टोकं सुलट बाजू आत ठेवून जुळवा, शेवटच्या ओळीचा मागचा दोरा आणि सुरुवातीच्या साखळीचा मोकळा दोरा मिळून सरक टाका घाला, म्हणजे सुई दोन्हींतून घालून दोरा ओढा आणि तो थेट सुईवरच्या फासातूनही काढा. दहाचे दहा टाके जुळले पाहिजेत. पुढे पीळ दिसणारा हेअरबँड हवा असेल तर ९-१० सेंमी रुंद पट्टा घ्या. दोन्ही टोकं लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा, एका टोकाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या घडीत घाला, चारही थर एकत्र शिवा आणि उलटा.

धुताना कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये दाबून आडवा वाळवा. दोरीवर चिमट्याने टांगला तर ओल्या लोकरीच्या वजनाने लांबतो. ॲक्रिलिकवर इस्त्री अजिबात नको. उष्णतेने ते कायमचं लुळं पडतं आणि उभारांतली सगळी लवचिकता जाते.

१५ ग्रॅमच लोकर असेल तर ५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब पट्टा विणा. दोन्ही टोकांना शेवटच्या तीन-चार ओळींत दर ओळीला दोन टाके एकत्र विणून तो निमुळता करा आणि मागच्या बाजूला केसांचा जाड रबर दोन्ही टोकांत अडकवून शिवा.