खिशातला मोठा चाकू

आज दिवसभर ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा दहा नंबरचा घडीचा चाकू खिशात होता. पातं १० सेंटिमीटर, मूठ लाकडी. तासगावच्या बागेत सुतळी, ठिबकची नळी, खताची गोणी, सगळं सपासप कापलं. मूठ मोठी, त्यामुळं हात भरून पकड मिळते. हे सुख छोट्या चाकूत नाहीच. पातं उघडं पक्कं धरणारी कडीही मला फार आवडते, १९५५ ला आलेली.

पण गाडीवर बसलं की मांडीला रुततो. त्यात कार्बन स्टील, घामानंही गंज धरतं. लिंबू चिरलं की लगेच पुसायचं, थेंबभर तेल लावायचं.

आणि सांगलीच्या बाजारात एवढं पातं उघडलं तर माणसं दचकणारच, त्यांचं बरोबरच आहे.

खिशाला आठ नंबरच, साडेआठ सेंटिमीटरचा. पेरू, डाळिंब त्यानं आरामात होतं. दहा नंबर बागेच्या पिशवीत राहील.