तळहातावरचे साबुदाणे आणि पायाच्या चिखल्या

गेल्या आठवड्यात डाव्या करंगळीच्या कडेला परत खाज सुरू झाली आणि मला लगेच कळलं की आलं ते, माझं हातापायावरच्या फोडांचं इसब, डॉक्टर ज्याला डिसहायड्रोसिस म्हणतात. वर काहीच दिसत नाही पण आतून अशी खाज की रात्री दोनला उठून हात नळाखाली धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी बारीक बारीक दाणे. हे फोड भाजल्यासारखे वर फुगलेले नसतात, जाड कातडीच्या आत रुतलेले असतात, बोट फिरवलं तर टणक लागतात आणि उजेडात धरलं की अर्धवट भिजलेला साबुदाणा दिसतो तसे, एकाला एक चिकटून. डॉक्टरांच्या पुस्तकातसुद्धा याला साबुदाण्याचीच उपमा आहे असं माझ्या स्किनच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण मी गेली दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगत होते.

मी डोंबिवलीत पोळीभाजीचे डबे करते, रोजचे पस्तीस-चाळीस. म्हणजे दिवसभर हात पाण्यात, कणकेत, भांड्याच्या साबणात. पहिल्यांदा फोड आले तेव्हा वाटलं उष्णतेने आले असतील. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे गेरू लाव, सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, आणि मी स्वतः मेडिकलमधून एक ट्यूब आणली जी सगळ्यालाच चालते म्हणून देतात. तीन दिवसांत खाज गेली. मला वाटलं सुटले. ट्यूब बंद केली, दहा दिवसांत परत, आणि यावेळी तळपायालाही. परत ट्यूब, परत बरं, परत जास्त. अशी दोन वर्षं घालवली मी.

फोड कोरडे पडले की सुटका होते असं नाही, खरं तर पुढचा भाग जास्त वाईट. कातडी पापुद्रे पापुद्रे होऊन सोलते, खालची लाल आणि पातळ, आणि बोटाच्या पेरावर चिरा पडतात. त्या चिरेत हिरव्या मिरचीचा रस गेला की काय होतं ते ज्याचं झालंय त्यालाच माहीत. रेशनच्या दुकानात अंगठा लागेना, पुसून लावला, दुसरं बोट लावलं, मागे रांग उभी आणि मशीन घेतच नाही कारण बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या. त्याच महिन्यात एका ताईंनी माझे हात बघून डबा बंद केला. संसर्ग असेल म्हणून. त्यांना दोष देत नाही पण मी त्या रात्री खूप रडले. हे लागट नाहीये हो, हा इसबाचाच एक प्रकार आहे, हातातून हातात जात नाही, जेवणातून तर नाहीच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी हात बघितले आणि म्हणाल्या चप्पल काढा, पाय दाखवा. मी तळपाय दाखवला तर त्यांनी बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. तिथे चिखल्या होत्या, दर पावसाळ्यात होतात, त्यात दाखवण्यासारखं काही असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी ब्लेडच्या कडेने ती पांढरी मऊ कातडी जराशी खरवडली, काचेवर घेतली, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं बुरशी आहे. मग समजावलं की बुरशी पायात बसलेली असते आणि तिच्याविरुद्ध शरीर जे पेटून उठतं त्याचे फोड हातावर येतात, हाताच्या फोडात बुरशी नसतेच. आणि माझ्या त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, त्याने वरची खाज दबायची आणि पायात बुरशी मजेत वाढायची. दोन वर्षं मी हाताला औषध लावत होते आणि दुखणं पायात होतं.

सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. कुणाला घाम आणि उन्हाळा, कुणाला टेन्शन, कुणाला निकेल म्हणजे खोटे दागिने आणि पट्ट्याचं बक्कल, आणि माझ्यासारख्यांना सतत पाणी-साबण हेही असतंच. बऱ्याच जणांना कारण सापडतच नाही. 1873 साली लंडनच्या टिलबरी फॉक्स या डॉक्टरने याला डिसहायड्रोसिस नाव दिलं ते घाम ग्रंथीत अडकून फोड येतात असं समजून, पुढे ते तसं नाही हे कळलं पण नाव तेच राहिलं.

मला पायाला बुरशीचं मलम आणि गोळ्या दिल्या. नवऱ्याचेही पाय तपासले, त्यालाही होतं, दोघांनी एकदम औषध घेतलं नाहीतर बाथरूमच्या पायपुसण्यावरून परत आलं असतं. हाताच्या फोडांतून पाणी वाहत होतं तोवर पोटॅशियम परमँगनेट, जुनी माणसं विहिरीत टाकायची तीच जांभळी पूड. पाणी फिकट गुलाबीच हवं, गडद झालं तर ओतून द्यायचं, आणि खडा पूर्ण विरघळायला हवा नाहीतर भाजतं. दहा-पंधरा मिनिटं हात बुडवून ठेवायचे. नखं तपकिरी होतात, जातं ते नंतर. मग क्लोबेटासॉल, हेही स्टिरॉइडच, पण यावेळी मोजून. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबची जेवढी रेघ बसते तेवढं दोन तळहातांना पुरतं. दोन आठवडे, मग एक दिवसाआड, मग बंद, आणि चेहऱ्याला चुकूनसुद्धा नाही. हे सगळं मॅडमनी ठरवून दिलेलं, माझं वाचून तुम्ही ट्यूब आणू नका, आधी कुणीतरी तुमचे पाय बघू देत. आणि फोडात पू झाला, पिवळी खपली धरली, ठणकायला लागलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

खरा फरक रोजच्या गोष्टींनी पडला असं मला वाटतं. ओट्यावर पेट्रोलियम जेलीची डबी असते, हात धुतला की टिपायचा आणि लावायची, दिवसातून पंधरा वेळा झालं तरी चालेल. भांडी घासताना आत सुती हातमोजे वर रबराचे, पण पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही कारण आत घाम येतो. अंगठी काढून ठेवली, तिच्याखाली साबण साचतो. कणीक मळायचं मशीन घेतलं, दोन महिन्यांची कमाई गेली पण आधीच घ्यायला हवं होतं. पाय पुसायला वेगळा पंचा, बेचक्या कोरड्या करूनच चप्पल, आणि ओली चप्पल दुसऱ्या दिवशी नाही.

पूर्ण गेलं का, तर नाही. पण आधी महिन्यात दोनदा यायचं ते आता वर्षात दोन-तीनदा, आणि फोड मोजता येण्याइतके. करंगळीचे आज सहाव्या दिवशी बसायला लागलेत. पायाच्या बेचक्या काल रात्री टॉर्च लावून बघितल्या, कोरड्या आहेत. उद्याच्या पस्तीस डब्यांची कणीक मशीन मळेल, पोळ्या मी लाटेन.