लिटल मार्व्हल: शेवटचं अर्धं मिनिट सापडलं

मंडळी, लिटल मार्व्हल, म्हणजे १९२०च्या दशकातली वूलवर्थची ती चिमुकली ७८ फेऱ्यांची तबकडी, शेवटपर्यंत वाजली! दोन्ही बाजू, एकही फाटका सूर नाही. तीन आठवडे गेले याच्यात.

मागच्या वेळी लिहिलं होतं की प्लेअरचा आर्म (सुईचा दांडा) मध्येच उचलला जाऊन आपणहून जागेवर परत जातो. ते कोडं लवकर सुटलं. एलपी (३३ फेऱ्यांची मोठी तबकडी) जिथे संपते, म्हणजे मध्यापासून साधारण ६ सेंटिमीटरवर, तिथे ऑटो-रिटर्न लागतं. आपली ही तबकडी अख्खी ५⅜ इंचांची, त्यामुळे त्या जागी गाणं नुकतं कुठे सुरू झालेलं असतं. प्लॅटर, म्हणजे तबकडीखालची फिरती थाळी काढली, खालचा प्लॅस्टिकचा खटका सोडवला, झालं. माझ्या प्रतीला शेवटी मोकळी खाच नाही, सुई सरळ लेबलवर चढते. म्हणून आता शेजारी उभं राहून आर्म हाताने उचलतो.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. पहिलं मिनिट सुरेख, मग क्लॅरिनेटला कड येऊ लागते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळा बँड कागद फाडल्यासारखा.

गटात नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. वूलवर्थ या अमेरिकन दुकानांच्या साखळीनं ब्रिटनमधलं पहिलं दुकान १९०९ साली लिव्हरपूलला उघडलं. तीन आणि सहा पेन्सच्या वस्तूंचं दुकान, त्यामुळे तबकडीही सहा पेन्सांतच बसवायची. १९२१ पासून लिटल मार्व्हल. १९२८ला तिची जागा ७ इंची व्हिक्टरीनं घेतली, १९३१ला ८ इंची एक्लिप्स आली आणि १९३५ला ९ इंची क्राउन. भाव कायम सहा पेन्स, तबकडी मात्र दर वेळी एक पायरी मोठी. त्याच विसाच्या दशकात एचएमव्हीची साधी १० इंची तबकडी तीन शिलिंगला होती, म्हणजे तेवढ्या पैशांत या सहा यायच्या. ज्या घरांत तीन शिलिंग परवडत नव्हते तिथे हे संगीत पोचलं, आणि म्हणूनच मला या तबकड्या नीट वाजलेल्या हव्या आहेत.

आधी वाटलं, मळ असेल. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून दोनदा धुतली. (स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही नको, लाख विरघळते. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. ही एवढीशी तबकडी तळहातावर घेतली की मला ते दर वेळी आठवतं.) सुईवर करड्या लोकरीसारखा गोळा जमला, खरखर बरीच उतरली, पण शेवट तसाच फाटका.

मग संशय स्टायलसवर. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३ मिलची (टोक इंचाच्या तीन सहस्रांशाचं, ७८च्या रुंद खाचेसाठी) म्हणून घेतलेली सुई भिंगाखाली धरली तर टोक एका बाजूला तिरकं बसवलेलं. पैसे परत मिळाले, दहा दिवस मात्र वाया गेले. आता शूर कंपनीच्या एम४४ कार्ट्रिजवर (सुई ज्यात बसते तो भाग) जिको कंपनीची ३ मिल सुई लावली आहे, वजन ३ ग्रॅम, आणि दोन्ही चॅनल जोडून मोनो. शूरनं २०१८ला कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तेव्हापासून आपल्यासारख्यांना जिकोचाच आधार. मधला भाग लक्षणीय सुधारला. शेवट तसाच.

झीज म्हणून सोडून देणार होतो, तेवढ्यात वेगाचा हिशोब करून पाहिला. माझ्या प्रतीची शेवटची खाच मध्यापासून ३३ मिलिमीटरवर आहे. ७८ फेऱ्यांनी तिथे सुईखालून सेकंदाला २७ सेंटिमीटर खाच सरकते. एलपीच्या शेवटी हाच आकडा २१ असतो, आणि एलपी तर शेवटी अशी फाटत नाही! म्हणजे खाच आखूड पडते म्हणून आवाज फाटतो हे खरं नव्हे. दोष सुईच्या कोनाचा असणार, म्हणजे सुई खाचेच्या दिशेत सरळ न राहता तिरकी होत असणार.

कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या आर्मची पिव्हटपासून (आर्म ज्यावर फिरतो तो बिंदू) सुईपर्यंतची लांबी २३० मिमी, पिव्हटपासून मधली खुंटी २१२ वर, कार्ट्रिजचा कोन २४ अंश, सगळं एलपीच्या मापाचं. ६५ मिमीवर, जिथे लिटल मार्व्हल सुरू होते, तिथे चूक जवळजवळ शून्य. ५० वर ३ अंश, ४० वर ७, आणि ३३ वर साडेबारा अंश! एलपीवर दोन अंशांच्या आसपास चूक असते, तीही आपण अर्धा अर्धा तास प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा तक्ता) घेऊन कमी करत बसतो. इथे सुई खाचेत अक्षरशः तिरकी चालत होती.

पहिला उपाय सुचला तो कार्ट्रिज आत वळवायचा. सहा अंश जास्त फिरवलं तर चूक दोन्हीकडे वाटली जाते, सव्वासहाच्या आसपास. ऐकलं, शेवट निम्मा सुधारला, पण सुरुवात बिघडली. मन मानेना. मग वाटलं १२ इंची लांब आर्मच घ्यावा. किमती पाहून ठेवल्या, इथल्या एका दुकानाला विचारूनही झालं.

आणि परवा भांडी घासताना लक्षात आलं की वळवायच्या आधी मागे सरकवून बघायला हवं. हेडशेलच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या पट्टीच्या, फटीत जागा आहेच. कार्ट्रिज ६ मिमी मागे घेतलं तर लांबी २२४ होते आणि लागणारा कोन पूर्ण तबकडीभर १९ ते २५ अंशांतच राहतो. मधला २२ धरला की चूक कुठेही साडेतीन अंशांवर जात नाही. कंपासनं कागदावर वर्तुळं काढली, कोनमापकानं रेघा मारल्या, स्क्रू सैल करून बसवलं, काउंटरवेट (आर्ममागचं तोलाचं वजन) पुन्हा जुळवलं.

सुई टेकवली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. एक मिनिट गेलं. सव्वा मिनिट. क्लॅरिनेट तसंच गोल. शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत किंचित कड आहे, ती झीजच असावी. आणि अगदी शेवटी, बँड थांबल्यावर, झांजेचा एक बारीक ठोका आहे! तो इतके दिवस त्या फाटक्या आवाजात बुडालेला होता. हे मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यासमोर वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण आहे. मी तो ठोका सात-आठ वेळा ऐकला.

हे लिहिता लिहिता व्हिक्टरीचा हिशोब करून पाहिला. ८५ मिमीवर लागणारा कोन १९ अंश, म्हणजे त्याच सेटिंगवर चालेल. एक्लिप्स ९८ वर पावणेवीस, चालेल. क्राउन ११२ वर पावणेएकवीस, उत्तम. चौघींना एकच हेडशेल! मग १२ इंची आर्म रद्द. त्या पैशांत दुसरं हेडशेल घेतो, एम४४ त्यात कायमचं असंच मागे बसवून ठेवतो, आणि एलपीचं कार्ट्रिज आपल्या जागी सुखात राहील.

ज्यांच्याकडे फिक्स्ड हेडशेलचे प्लेअर आहेत त्यांनी फटीची लांबी मोजून कळवा, ६ मिमी मिळत नसतील तर ४ वर किती फरक पडतो ते काढून देतो. आर्मची लांबी आणि पिव्हट ते खुंटी हे दोन आकडे तेवढे पाठवा.

सुराचं अजून बाकी आहे. पेटीवर ताडून पाहिलं तर तबकडी काळी चार आणि पांढरी सहाच्या अधेमधे लटकते आहे, म्हणजे वेग नेमका ७८ नसणार. अर्धा सूर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के. पिच कंट्रोल दोन्हीकडे सरकवून बघतो. पण आधी एक्लिप्स. ती आत्ता धुऊन रॅकवर वाळत ठेवली आहे.