यादीतलं नाव

"मैडम, लिस्ट में ये नाम नहीं है।"

संसदेच्या फाटकाशी सुरक्षा कर्मचाऱ्याने कागद माझ्यापुढे धरला. पाचवीची ३४ मुलं आणि आम्ही तीन शिक्षक मुंबई सेंट्रलहून रात्रभर प्रवास करून दिल्लीत पोहोचलो होतो. वर्षभर वर्गात 'संसद', 'मतदार', 'प्रतिनिधी' शिकवायचं आणि मुलांनी ते पाठ करून परीक्षेत उतरवायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. एकदा तरी ती जागा त्यांना दाखवावी म्हणून सहा महिने धडपडले होते. पालकांनी महिन्याला थोडे थोडे करून पैसे भरले होते. आणि आता माझ्या शेजारी, लोकरी टोपी कानावर ओढून, ती उभी होती. तिचं नाव यादीत नव्हतं.

चूक माझी होती. संगणकावर यादी करताना एका मुलाचं नाव दोनदा पडलं आणि त्या ओळीत हिचं नाव पुसलं गेलं. शेवटी बेरीज ३४ आली, म्हणून मी नावं पुन्हा वाचली नाहीत. आकडा जुळला, मूल राहिलं.

त्या माणसाने मनापासून प्रयत्न केला. आत दोन फोन केले, तिचं आधार कार्ड पाहिलं. पण नावं आधी कळवून मंजूर व्हावी लागतात, त्यापुढे त्याचाही इलाज नव्हता. मी सहकाऱ्यांना ३३ मुलं घेऊन आत जायला सांगितलं आणि हिच्याबरोबर बसमध्ये परतले.

ती रडली नाही. खिडकीच्या काचेवर साचलेल्या वाफेत बोटाने रेघा ओढत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, पटावर तर माझं नाव आहे ना?"

"आहे. मी लिहायला चुकले. माझी चूक आहे."

मुलांपुढे चूक कबूल करायची तर पूर्ण करावी असं मला वाटतं. ती माझ्याकडे वळली. मग मी तिला पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. १९५१-५२ साल. १७ कोटींहून जास्त मतदार, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. याद्या करणारे घरोघरी गेले, तेव्हा कित्येक बायका आपलं नाव सांगेनात. अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी ठरवलं, स्वतःचं नाव असेल तरच यादीत घ्यायचं. त्यात सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली.

"२८ लाख?" तिने वाफेत आकडा लिहायला घेतला आणि शून्यांपाशी अडखळली. मी हात धरून पाच शून्यं काढून घेतली. अख्खी काच भरली.

"मग त्यांनी मत नाही दिलं?"

"त्या वेळी नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींची नावं यादीत आली."

"त्यांनी सांगितली?"

"हो, सांगितली."

मला आजही वाटतं, सेन यांचा निर्णय बरोबर होता. तेवढ्या बायकांचं मत त्या वेळी बुडालं हे जिव्हारी लागतं, तरीही. पण त्या सकाळी, एका दहा वर्षांच्या मुलीशेजारी बसून, नाव गळणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट दिसलं.

तासाभराने मुलं आली ती ओरडतच. लोकसभेत मोराची नक्षी आहे, राज्यसभेत कमळ आहे, आपल्या महाराष्ट्राचे ४८ खासदार कुठे बसतात ते मात्र कोणी सांगितलं नाही! तिने सगळं ऐकून घेतलं. दुपारी अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या जागी गेलो, जिथे ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निधन झालं. आता तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. आमची मुलं दादर-नायगावची, ६ डिसेंबरची चैत्यभूमीची रांग त्यांनी जन्मापासून पाहिलेली. "म्हणजे इथून आपल्याकडे आणलं बाबासाहेबांना," ती म्हणाली, आणि सगळा घोळका तिच्याभोवती गोळा झाला. दिवसभरात प्रथमच ती सगळ्यांना काहीतरी सांगत होती.

परतीच्या गाडीत, कोटा सोडल्यावर मी झोपण्याआधीची मोजणी सुरू केली. एक, दोन, तीन...

"बाई, मोजू नका. नावं घ्या," वरच्या बर्थवरून आवाज आला. ती खाली उतरली, माझ्या हातातून यादी आणि पेन घेतलं. दोनदा पडलेलं नाव एकदा खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. मग एकेक नाव घेत दोन डब्यांतून फिरली. अर्धवट झोपेतली मुलं "हजर" म्हणत होती. स्वतःच्या नावाला तिने स्वतःच "हजर" म्हटलं.

परत आली तेव्हा पेन उघडंच होतं.

"तुमचं पण लिहिते. काय लिहू? 'बाई'?"

मी तिला माझं नाव सांगितलं.