कोर्दुआँ: भर समुद्रातलं दीपगृह आणि त्यात राहणारी माणसं

दीपगृह म्हटलं की लोक थेट वर पळतात. कोर्दुआँच्या वरच्या सज्जात पाय ठेवायला जागा नव्हती आणि खालच्या प्रार्थनाघरात मी आणि माझी लेक, दोघीच. मला याचा खरंच राग आला. या दीपगृहाची सगळी श्रीमंती खालच्या मजल्यांवर आहे.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर जिरोंदची खाडी अटलांटिकला मिळते, तिथे वाळूच्या दांड्यांमध्ये हे उभं आहे. आत बोर्दोचं बंदर, त्यामुळे जहाजांची वर्दळ फार जुनी, आणि वाळूत रुतून फुटलेल्या जहाजांच्या कहाण्याही तितक्याच जुन्या. किनाऱ्यावरच्या रुआयाँ गावाहून बोट मिळते, पण ती कधी सुटणार हे ओहोटी ठरवते. शेवटचा टप्पा आम्ही पाण्यातून चालत गाठला. मग शेवाळलेली फरसबंदी आणि समोर एखाद्या राजवाड्याला शोभेल असं कोरीव दार.

लुई द फुआ या स्थापत्यकाराने १५८४ साली काम हाती घेतलं. ते पुरं झालं १६११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. पहिल्या मजल्यावर राजाचं दालन आहे. त्यात एकही राजा कधी राहिला नाही. त्याच्या वर प्रार्थनाघर. घुमटात चौकटींची नक्षी, खिडक्यांना रंगीत काचा. ऊन आलं की भिंतीवर निळे-तांबडे तुकडे हलतात आणि बाहेर लाटांचा आवाज चालूच असतो. खलाशांच्या दिव्यासाठी कुणी एवढं देखणं बांधावं, या विचाराने मला भरून आलं.

खिडकीशेजारच्या दगडावरून हात फिरवला. जुना चुनखडीचा दगड खाऱ्या वाऱ्याने कुरतडलेला, बोटाचं टोक आत जाईल अशी भोकं पडलेली. त्याला लागून नवा, फिकट दगड बसवलेला. सांधा इतका बारीक की नखानेच कळावा. नवा दगड जुन्यासारखा दिसावा म्हणून काळा केलेला नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आपल्याकडे जुन्या वास्तूवर ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतात, ते पाहून मी कित्येकदा चरफडले आहे.

प्रार्थनाघराच्या वर नक्षी संपते आणि साधा, निमुळता मनोरा सुरू होतो. दिवा लांबून दिसेना म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस जोझेफ त्युलेर या अभियंत्याने वरचे मजले उतरवून मनोरा वाढवला. आता उंची सुमारे ६७ मीटर आहे. खालच्या कोरीव भागाला त्याने धक्का लावला नाही. पुढे १८२३ मध्ये ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपलं नवं भिंग पहिल्यांदा इथेच लावलं. एकाच जाड भिंगाऐवजी काचेची कडी एकाभोवती एक अशी रचायची. प्रत्येक कडं दिव्याचा प्रकाश वळवून एकाच दिशेने पाठवतं. काच कमी लागते आणि प्रकाश कितीतरी लांब जातो. त्यानंतर जगभरच्या दीपगृहांनी हीच युक्ती उचलली. ते पहिलं भिंग आता इथे नाही.

जिन्यात एक रखवालदार भेटला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण सांगायची हौस दांडगी. सरकारी नोकरीतले शेवटचे रखवालदार २०१२ मध्ये उतरले. दिव्याला आता माणसाची गरज नाही. तरीही स्थानिक संस्थांनी पाळीपाळीने माणसं ठेवली आहेत. वाळू झाडायची, काचांवरचं मीठ पुसायचं, कुठे पाणी झिरपतंय ते बघायचं, आमच्यासारख्यांना फिरवायचं. कुलूप लावलं तर ओल किती लवकर आत शिरेल, हे तो भिंतीवर हात ठेवून दाखवत होता. २०२१ मध्ये कोर्दुआँ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, पण मला विचाराल तर त्याला टिकवलंय या झाडूने आणि फडक्याने.

तेवढ्यात बोटीवाल्याची हाक आली. वेळ फारच अपुरा मिळतो, ही माझी ठाम तक्रार आहे. पण पाणी चढायला लागलं की तोही काय करणार! तुम्ही गेलात तर भिजले तरी चालतील असे बूट घाला आणि सगळे वर धावतील तेव्हा प्रार्थनाघरात थांबा. सज्जातून दिसणारा समुद्र बोटीतूनही दिसतोच.